अ‍ॅसिडमध्ये तीन दिवस जास्त

सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१. खोपट, ठाणे

दिवाळीनंतर आज लॅब उघडली. आठ दिवसांची धूळ पुसून होते न होते तोच दौलत कल्याणहून बाटल्या घेऊन हजर. कल्याण-डोंबिवलीच्या दवाखान्यांतून तपासायचे तुकडे गोळा करून ठाण्याला माझ्या टेबलावर आणून ठेवायचे, हे त्याचं काम. राहतो खडवलीला. आज बाटल्यांबरोबर वालाच्या शेंगांची पिशवीपण होती. "आई म्हणाली, कांताबाईंना दे." त्याच्या आईने मला कधी पाहिलेलं नाही. तिला माझं नाव कुठून कळलं देव जाणे.

एका बाटलीवर चिठ्ठी होती. मालू, वय अकरा, खालचा जबडा, उजवी बाजू, गाठ. अकरा वर्षांचं पोर बाटलीवर लिहिलेलं आलं की माझा दिवस खराब जातो. त्यात आज बाटलीमागोमाग पोरगी स्वतःच दारात. इथल्याच कोळीवाड्यातली आहे. बरोबर आजी, मनुबाई, मासे विकते. पोरीचा गाल असा की आत पेरूची फोड धरलीय असं वाटावं.

"कवा कलंल गो बाय?" आजीने विचारलं.

म्हटलं, "पंधरा दिवस लागतील. हाड आहे त्यात, मऊ करावं लागतं."

"मऊ करून काय करतेस, भाजी?" मालू म्हणाली. आजीने तिला चापट मारली. मला मात्र हसू आलं.

तुकडा एवढासा. मांस थोडं आणि त्यात कण, चिमट्याखाली भातातल्या खड्यासारखे कचकच करणारे. सहदेव सरांचा नियम आहे की हाडाचा तुकडा आला की त्यातला थोडा अ‍ॅसिडशिवाय बाजूला ठेवायचा. पण एवढ्याशातून बाजूला काय ठेवायचं? सगळाच टाकला अ‍ॅसिडमध्ये.

सर लंडनला जाऊन पाच महिने झाले. सात वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून ते स्लाइड बघायचे. आता वर्षभर दाताच्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात ते शिकतायत. इथे मी सात वर्षांत एक वाक्य धड बोलू शकले नाही, आणि तिकडे पेशी बोलतात म्हणे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मालूच्या तुकड्यात सुई टोचून पाहिली. सहज आत गेली, म्हणजे झालं. फक्त एकाच ठिकाणी कच्चकन अडली.

नियमाने आज बाहेर काढून धुवायला हवा होता. पण तो खडा सुरीखाली आला तर? आमच्या यंत्रात मेणात बसवलेल्या तुकड्याचे कागदाहून पातळ काप निघतात, आणि त्याची सुरी सरांनी जाताना माझ्या हातात दिलेली आहे. "कांता, ही आता तुमची." सगळ्या स्टाफसमोर! रोज संध्याकाळी मी ती चामड्याच्या पट्ट्यावर फिरवते आणि फडक्यात गुंडाळून कुलपात ठेवते. डॉक्टर चिटणीस म्हणाले पण परवा, "अहो कांताबाई, तलवार आहे का ती?" म्हणोत. एक खडा लागला की धारेला खाच पडते, आणि खाच पडलेली सुरी मी सरांना परत कशी दाखवू?

राहू दे सोमवारपर्यंत अ‍ॅसिडमध्ये. तीन दिवसांनी काय बिघडतंय?

मंगळवार, १९ नोव्हेंबर

लोण्यासारखे काप निघाले. धारेला एक खाच नाही. दिवसभर मी उगाच खूश होते.

रंग मात्र फिका चढला. पेशींचे डोळे मिटल्यासारखे दिसतायत. जास्त वेळ झाला की असं होतं, माहीत आहे मला. मधेमधे पांढऱ्या मोकळ्या जागा आहेत. चिटणीसांना दाखवल्या. म्हातारे भले आहेत, सर गेल्यापासून लॅब तेच ओढतायत. बराच वेळ डोळा लावून बसले.

"पोरीच्या वयाला हे जरा विचित्र आहे," म्हणाले. "पण दातावरचं इनॅमल करणाऱ्या पेशी रांगेत उभ्या दिसतात, इनॅमल कुठेच नाही. म्हणजे अमेलोब्लास्टोमाच."

"आणि या रिकाम्या जागा?"

"पोकळ्या असतात अशा गाठीत."

ही गाठ वाईट. जीव घेत नाही, पण हाडात मुळं घुसवते. नुसती खरवडली तर परत येते, म्हणून हाडासकट काढतात. चिटणीसांनी सही केली, मी रिपोर्ट टाइप केला. दोनदा चुकला.

शनिवार, २३ नोव्हेंबर

पत्र आलं! लंडनचं निळं पत्र. पोस्टमनने आईच्या हातात दिलं, आईने देवापुढे ठेवलं. मी आल्यावर म्हणाली, "तुझ्या डॉक्टरचं." 'तुझ्या' म्हणाली.  चहा गार झाला.

मधला भाग उतरवून ठेवते, म्हणजे पत्राच्या घड्या फाटल्या तरी राहील:

"कांता, दात एकट्याने होत नाही. वरच्या थरातल्या पेशी खालच्या थराला निरोप धाडतात, मग खालचा थर वरच्याला उलट निरोप धाडतो. असं कितीदा तरी होतं. इनॅमल करणाऱ्या पेशी सगळी तयारी करून उंच होऊन रांगेत उभ्या राहतात, पण खालच्या थराने आधी आपलं काम सुरू केल्याशिवाय त्या इनॅमलचा कणही करत नाहीत. ज्या गाठीला आपण अमेलोब्लास्टोमा म्हणतो, तिच्यात तो निरोप येतच नाही. त्या बिचाऱ्या तशाच उभ्या राहतात आणि नुसत्या वाढत जातात. पण ज्या गाठीत इनॅमल झालेलं दिसतं, तिथे निरोप पोचलेला असतो. ती गाठ शहाणी, खरवडली तरी पुरे."

हे वाचून मी रडले. पेशींसाठी कोणी रडतं का? पण 'त्या बिचाऱ्या तशाच उभ्या राहतात' हे त्यांनी मला का लिहिलं? दुसऱ्या कोणाला नाही, मला लिहिलं. एकतीस वर्षांची बाई आहे मी, उगाच काहीतरी मनात आणत नाही. पण माणूस एवढं लिहितो तेव्हा त्याला काही म्हणायचं असेलच ना?

शेवटी लिहिलंय की काम वाढलंय, एकाची दोन वर्षं होतील. फोटो हेलन नावाची कोणी काढते, रविवारी तिच्या आईकडे जेवायलाही गेलेले. बरं झालं, परक्या मुलखात कोणीतरी घरचं जेवायला घालतंय. त्यांना कुठे धड चहा येतो करता.

खाली 'तुमचा, सहदेव' आहे. मागच्या पत्रात नुसतं 'सहदेव' होतं.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

मनुबाई रिपोर्ट घेऊन कल्याणला जाऊन आली. सर्जन म्हणाले, उजवीकडचा अर्धा जबडा काढायचा. सोमवारी, नऊ तारखेला ऑपरेशन. म्हातारी लॅबच्या पायरीवर बसली ती उठेचना.

"पोरगी माशाचा काटा कशी काढंल गो? त्वांडच नाय राह्यलं तर तिला बायको करंल कोन? आय नाय तिला, बाप बोटीवर. मी मेली की कोन बघंल?"

मी पाणी दिलं. दुसरं काय देणार? मालू माझ्या टेबलापाशी उभी राहून सुरीकडे बघत होती.

"हीच लावनार काय मना?"

"नाही गं. ही फक्त मेण कापायला."

"मंग एवढी पुसतेस कनाला?"



गुरुवार, ५ डिसेंबर

घाईत लिहितेय. अक्षर वाचता येईल ना नंतर?

डोंबिवलीच्या एका माणसाची अक्कलदाढ गाठीसकट आलेली. ती अ‍ॅसिडमधून काढून कापली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. दाताचं अंग होतं, वरची टोपी नव्हती. इनॅमल अ‍ॅसिडमध्ये पार विरून जातं, मागे टोपीच्या आकाराची पांढरी मोकळी जागा राहते. हे मला पहिल्याच वर्षी शिकवलेलं, यात नवीन काही नाही.

पण अशीच मोकळी जागा मी आधी पाहिलेली होती. मालूची स्लाइड काढली. त्याच पांढऱ्या जागा, कडेला रांगेत उभ्या त्याच पेशी. त्या पोकळ्या नाहीत, त्या जागी इनॅमल होतं. निरोप पोचलेला होता! पोरीची गाठ शहाणी होती, आणि तिची साक्ष मी अ‍ॅसिडमध्ये विरघळवली. जे थोडं उरलं असतं ते जास्तीच्या तीन दिवसांनी पुसलं. एका सुरीसाठी.

पण 'होतं' हे मी दाखवणार कशात? सगळा तुकडा मी अ‍ॅसिडमध्ये टाकलेला. आता मी म्हणते म्हणून चिटणीस सही फिरवतील?

शनिवार, ७ डिसेंबर

दोन दिवस गप्प आहे मी. खरं लिहायचं तर कारण पुराव्याचं नाही. चिटणीसांना सांगितलं की ते सरांना लिहिणार, आणि सर म्हणणार, कांताने असं केलं? मला तेवढंच दिसत होतं. एका पोरीचा अर्धा जबडा जातोय आणि मला लंडनहून कोण काय म्हणेल याची पडलेली. लाज वाटते लिहायला.

शेवटी दौलतला सांगितलं. का त्याला, कोण जाणे, समोर होता म्हणून. बाटल्या मांडता मांडता त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कोळीवाड्यात जाऊन म्हातारीला तरी सांगा," म्हणाला. "परवा ऑपरेशन आहे. कळलं तर ती दुसऱ्या डॉक्टरला तरी दाखवेल."

"ती मला फाडून खाईल."

"खाऊ दे की. उद्या मी पण येतो."

"उद्या रविवार आहे, खडवलीहून कशाला येतोस?"

"मला कुठे काय काम असतं," म्हणाला. खरं तर परवाच म्हणत होता की रविवारी घराची कौलं शेकारायची आहेत. विसरला असेल.

रविवार, ८ डिसेंबर

सगळं लिहून काढते.

सकाळी नऊला दौलत खोपटला हजर. कोळीवाड्यात गेलो. मनुबाई ओट्यावर बोंबील निवडत बसलेली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की माझी चूक झाली, गाठ बहुतेक साधी आहे, पण ते दाखवणारे कडक कणच माझ्याकडे उरले नाहीत. वाटलं, आता कोयता फेकते की काय. तिने हातातला बोंबील खाली ठेवला.

"म्हंजी त्ये कडक कन पायजेत तुना?"

"हो. पण सगळे मी..."

"मंग पोरीचं दात हायत ना!"

मला काही कळेना. मालूने सांगितलं. कल्याणला तुकडा काढला तेव्हा नर्सच्या कापसावर तीन-चार कण वेगळे पडलेले. आजीला वाटलं दातच फुटून आले. पडलेला दात इकडेतिकडे टाकायचा नाही, तुळशीत पुरायचा, म्हणजे नवा चांगला येतो. म्हणून तिने ते मागून घेतले, पदराला बांधून घरी आणले आणि तुळशीत पुरले!

मला ओरडावंसं वाटलं. मी वृंदावनाकडे धावले तर म्हातारी आडवी.

"आज आयतवार हाय. तुलशीला हात लावाचा नाय."

"मनुबाई, उद्या ऑपरेशन आहे!"

"मागल्या म्हैन्यातच लगीन लावलंय तिचा. उकरतंय काय कोन?"

दाताच्या कण्या केल्या मी. दौलतने हात जोडले. म्हातारी ढिम्म. मग मालू आजीपुढे आली; आजीलाच ती आये म्हणते. सुजलेल्या गालाने नीट बोलता येत नव्हतं तिला.

"आये, तुलस मोठी का मी?"

मनुबाईने पदर डोळ्यांना लावला. मग तुळशीला नमस्कार केला, "माफ कर गो बाय" म्हणाली आणि स्वतःच्या हाताने माती उकरायला बसली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बोटभर खोल चिंधी निघाली. चिंधीत तांदळाच्या कणीएवढे तीन कण होते.

धावत लॅबमध्ये आलो. असा कण कापता येत नाही, घासावा लागतो. लाखेने काचेला चिकटवला आणि पाण्यात भिजवलेल्या दगडावर बोटाने घासत बसले. पहिला कण फुटला. दुसरा घासता घासता उडून मोरीत गेला. तिसऱ्याला हात लावायची माझी हिंमत होईना. दौलत म्हणाला, "तुम्ही काच धरा, मी पाणी सोडतो. घाई करू नका." दोन तास तो थेंब थेंब पाणी सोडत उभा होता. माझ्या बोटाची साल निघाली.

मग सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दांडे! एकाला एक लागून, उसाच्या मोळीसारखे उभे. इनॅमल. अस्सल इनॅमल.

चिटणीस नौपाड्याला राहतात, जेवून आडवे झालेले. उठवलं त्यांना. सूक्ष्मदर्शक दौलतच्या डोक्यावर आणि मी मागे काच घेऊन, अशी आमची वरात. त्यांनी खिडकीपाशी बसून बघितलं. खूप वेळ बघितलं. मी तीन दिवसांचं, सुरीचं, सगळं सांगितलं. एक शब्द राखून ठेवला नाही.

"विचित्र वाटत असतानाही मी सही केली," ते म्हणाले. "तुम्ही एकट्याच का रडताय?"

कल्याणचा फोन लागेना. त्यांनी चिठ्ठी लिहिली, दौलत ती घेऊन गेला. निघताना मला म्हणाला, "बोटाला हळद लावा."

मंगळवार, १० डिसेंबर

जबडा राहिला! सर्जनने नुसती गाठ सोलून काढली. आतून वाटीभर कण निघाले, आणि खाली अडकून पडलेली एक दाढ होती, ती त्यांनी तशीच ठेवली. येईल म्हणाले आपोआप.

सरांना पत्र लिहिलं. सगळं खरं लिहिलं. सुरी जपली म्हणून झालं, असंही लिहिलं. 'कारण ती तुम्ही दिली होती' हे वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं. सात वर्षांत तेवढंच वाक्य लिहिलं मी. पेटीत टाकताना हात आत अडकवून उभी होते. मागचा माणूस म्हणाला, "बाई, टाका की आता."

शनिवार, ११ जानेवारी १९९२

उत्तर आलं, टाइप केलेलं. चूक कबूल केली याबद्दल माझं कौतुक केलंय, केस छापण्यासारखी आहे, फोटो पाठवा म्हणतात. पुढे असं:

"सुरीचं वाचून हसू आलं. ती जुनीच होती हो, कपाट रिकामं करताना सापडली. खाच पडली तर खुशाल फेकून द्या. हेलन म्हणते, हिंदुस्तानातल्या टेक्निशियन फार जीव लावून काम करतात. आम्ही मार्चमध्ये लग्न करतोय."

आईने विचारलं, काय म्हणतो डॉक्टर? म्हटलं, बरे आहेत.

सगळ्या स्टाफसमोर दिली होती हो. 'आता तुमची' म्हणाले होते. मी काही स्वप्नात नव्हते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दौलतचं काय बिनसलंय कळत नाही. आज बाटल्या ठेवून दारातच घुटमळला. "मुरबाडकडची एक मुलगी सांगून आलीय. रविवारी बघायला जायचंय. जाऊ का?"

"अरे, जा की. मला काय विचारतोस?" म्हटलं. "चांगली असेल तर हो म्हण, तू पण तिशी ओलांडलीस."

तरी उभाच. मग "बरं" म्हणून गेला. सायकल न घेताच गेला, परत येऊन घेऊन गेला. वेंधळा कुठला.

शुक्रवार, ८ मे

दौलतचं काल लग्न झालं, खडवलीला. चिटणीस जाऊन आले. माझं डोकं दुखत होतं, गेले नाही. बाटल्या आणायला आता नवा माणूस आहे, भगवान नावाचा. बाटल्या दारातच ठेवून निघून जातो. बरोबरच आहे त्याचं, त्याचं काम तेवढंच. मग मला सकाळपासून चुकल्याचुकल्यासारखं का होतंय?

रविवार, १७ मे

मालू घरी आलेली. एकटीच, पत्ता विचारत. गाल उतरलाय. मूळची चांगलीच नाकेली आहे पोरगी, मला माहीतच नव्हतं.

दारातच आ वासून उभी राहिली. "बोट घाल."

"काय गं?"

"घाल ना आत. मागं, उजवीकरं."

मी हात धुतले आणि बोट घातलं. हिरडी गरम होती. मागे टोकाला काहीतरी लागलं. बारीक आणि टणक. तीच ती अडकलेली दाढ, वर येत होती.

"टोचतंय?" तोंडात बोट असतानाच तिने विचारलं.

"टोचतंय," मी म्हटलं.

"मंग रडतेस कनाला?"

 आजपर्यंत काचेवरच्या मेलेल्या पेशीच पाहिल्या मी, रंगवलेल्या. ही दाढ जिवंत होती, कोणाचातरी निरोप मिळाल्यावर वर आलेली. ती माझ्या बोटाला लागत होती आणि मला बोट काढवेना.

"आता काढ ना," मालू म्हणाली. "लाळ गलतेय."

मी काढलं.